इथं चालतंय, रानात चालत न्हाई

ठिणगी पडत होती. निळी, बारीक, आणि जिथं पडायला पाहिजे तिथंच.

गोदामाच्या कोपऱ्यात शटर अर्धं खाली ओढून मी बसलो होतो. नांदेडच्या उन्हात ठिणगी दिसत नाही. ती बघायची तर अंधार करावा लागतो. इंजिनातला स्पार्क प्लग बाहेर काढायचा, परत त्याच्या रबरी टोपीत बसवायचा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवायचं आणि स्टार्टरची दोरी ओढायची. प्लगच्या टोकाशी क्षणभर निळं काहीतरी उमलतं आणि नाहीसं होतं. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी ती ठिणगी बघताना माझी तंद्री लागते. ओढत राहतो, बघत राहतो, आणि आपण कशासाठी बसलोय हेच विसरतो. माझी बायको म्हणते, या माणसाला जागेपणी झोपायची सवय आहे. खोटं नाही ते.

"पांचाळ, झोपलास का रे?" बाहेरून अन्वरशेठांचा आवाज आला.

अन्वरशेठ म्हणजे आमचे मालक. शेतीच्या लहान मशीनचं त्यांचं दुकान आहे आणि मी तिथला सर्व्हिस इंजिनिअर. दुकानात मान वर करून बोलायला मला त्यांच्याकडून पूर्ण परवानगी आहे, फक्त तंद्रीला नाही.

"स्पार्क एकदम चांगला आहे, शेठ."

"मग चालू करून दे की ताईला."

प्लग बसवला, मशीन बाहेर अंगणात आणलं, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू. आवाज सलग, धूर पांढुरका, कुठं अडखळणं नाही. मी मोठ्या ऐटीत मान वर केली. बाकावर बसलेल्या सुनंदाताईंचा चेहरा मात्र उतरला होता. मशीन माझ्यासमोर बंद पडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"इथं चालतंयच की," त्या म्हणाल्या. "रानात चालत न्हाई."

हे मशीन म्हणजे ब्रश कटर. लांब नळी, एका टोकाला छोटं पेट्रोल इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं डोकं. पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं आणि डावी-उजवीकडं झुलवत पुढं जायचं. डोक्यात नायलॉनची दोरी घातली की ते गवत कापतं. विष्णुपुरीकडं कॉलेजच्या हिरवळीवर सकाळी घुंईऽऽ करत फिरणारं मशीन तुम्ही पाहिलं असेल, ते हेच. दोरीच्या जागी दातेरी पातं लावलं की सोयाबीन कापतं. आमच्या भागात आता ते जास्त करून सोयाबीनसाठीच विकलं जातं.

सुनंदाताई अहमदपूरच्या वाटेवरच्या एका फाट्यावरून, आत असलेल्या गावातून दुसऱ्यांदा आल्या होत्या. एसटीनं. मशीन गोधडीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवून. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तर ताई म्हणाल्या, "ह्याला अजून दात आले न्हाईत, अर्धं तिकीट लावा." हे त्यांनीच मला सांगितलं, तेही न हसता.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली. नवरा माधवराव. गेल्या हंगामात सोयाबीनची रास करताना मळणी यंत्रात त्यांचा उजवा पंजा गेला. मनगटापासून. तेव्हापासून माणूस ओसरीवरून उठत नाही. विळा धरता येत नाही म्हणून रानाकडं बघतही नाही. म्हणून ताईंनी हे मशीन घेतलं. आधी गवतावर हात बसवला, आणि आता सोयाबीन वाळून उभं होतं.

"शेंगा तडकायल्यात, सायेब," त्या म्हणाल्या. पिकलेलं सोयाबीन उन्हात जास्त दिवस उभं राहिलं की शेंगा आपोआप फुटतात आणि दाणे मातीत जातात. ते परत वेचता येत नाहीत.

"मजुरांची टोळी नाही मिळत?"

"टोळ्या मोठ्या रानाकडं जायल्यात. आमच्या तुकड्याला कोण इचारतंय. यांचे चुलत भाऊ म्हणायलेत, औंदाचं मी काढून देतो, पण फुडच्या सालापासून रान मलाच बटईनं द्या." बटई म्हणजे रान दुसऱ्यानं कसायचं आणि पीक वाटून घ्यायचं. त्या पुढं म्हणाल्या, "एकदा बटईनं दिलं की रान आपलं ऱ्हात न्हाई. नुसता सातबारा ऱ्हातो. यांचा हात गेला, आता रानबी गेलं तर हे त्या ओसरीवरून कधीच उठायचे न्हाईत."

अन्वरशेठ हिशोबाचं मशीन बाजूला सारून ऐकत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पांचाळ, काय ते बघ बाबा नीट. परत ताईला हेलपाटा नको."

आता मी काय बघत होतो ते सांगतो. फार अवघड नाही.

या इंजिनात बॅटरी नसते. दोरी ओढली की एक चाक फिरतं. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या कडेला लोहचुंबक बसवलेलं असतं. चाकाशेजारी, अगदी चिकटून पण न लागता, एक कॉइल असते. चुंबक तिच्या समोरून झपकन गेलं की कॉइलमध्ये वीज तयार होते, ती जाड वायरीतून प्लगकडं जाते आणि तिथं ठिणगी पडते. दर फेऱ्याला एक ठिणगी. चाक आणि कॉइल यांच्यातलं अंतर फार बारीक लागतं. ते मोजायचं हत्यार मिळतं, पण आम्ही मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघतो. कार्ड अलगद निघालं की अंतर बरोबर.

ठिणगी नाही म्हणजे पेट्रोल असून उपयोग नाही. आणि रानात ठिणगीच पडत नव्हती, हे नक्की होतं. कारण आधीच्या खेपेला मी ताईंना ठिणगी बघायला शिकवलं होतं. त्यांनी रानात बसून, पदराचा अंधार करून बघितलं होतं. "काळं कुट्ट," त्या म्हणाल्या. "काजव्यावाणीबी न्हाई."

मी एकेक शक्यता काढत गेलो. प्लग नवा टाकला. कार्ड सरकवून अंतर बघितलं. रानात सकाळी दव असतं, म्हणून कॉइलवर पाण्याचा हबका मारून बघितला. मशीन खुशाल चालू. काही कॉइली गार असताना नीट चालतात आणि तापल्या की मरतात, म्हणून अंगणात मशीन बराच वेळ चालू ठेवलं. इंजिनाला हात लावता येईना इतकं तापलं, तरी आवाज तसाच. त्या आवाजात माझे डोळे जड झाले. समोर रस्त्यावरची माणसं, रिक्षा, गुरुद्वाऱ्याकडं निघालेले यात्रेकरू, सगळं त्या घुंईऽऽत विरघळल्यासारखं सावकाश जात होतं. मला वाटलं, या मशीनला काहीच झालेलं नाही. ते फक्त नांदेडला आलं की खूश असतं.

इंजिनाखाली, जिथं नळी सुरू होते त्या मानेपाशी, हळदीचे पिवळे डाग होते. ते मी पुसले. दसऱ्याच्या आसपास आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक मशीनवर हळद असतेच. त्यात बघण्यासारखं काही नसतं.

"कॉइल बदल आणि मोकळा हो," अन्वरशेठ म्हणाले. "वॉरंटीत आहे. कंपनी देईल."

"पण शेठ, कॉइल चांगली आहे."

"तू चांगली म्हणतोस, ताई नाही म्हणते. रानात कोण असतं, तू की ताई?"

मी नवी कॉइल बसवली. ताईंनी मशीन परत गोधडीत गुंडाळलं, बाळाला घेतात तसं कडेला घेतलं आणि स्टँडची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. राग नव्हता, आवाजात नुसता थकवा होता. "सायेब, पुन्हा चालू होईना गेलंय. ठिणगी न्हाई." मागं कोणीतरी म्हातारी काहीतरी बोलत होती. मग ताई म्हणाल्या, "आता न्हाई आणत. चुलत भाऊ उद्या येतो म्हणालेत. त्यांनाच सांगून टाकते."

"उद्या दुपारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "मीच येतो."

फोन ठेवल्यावर अन्वरशेठ माझ्याकडं बघत बसले. "गावात जाऊन सर्व्हिस द्यायची आपली पद्धत नाही पांचाळ."

"कंधारला एका गिऱ्हाइकाचा पंप बघायचाच आहे. तसाच पुढं जातो."

"कंधार कुठं, अहमदपूर कुठं."

"वळसा पडेल थोडा."

"जा," ते म्हणाले. "गाडीवर झोपू नकोस फक्त."

सकाळी मोटारसायकलवर निघालो. कंधारचा पंप लवकर उरकला. तिथून पुढं रस्त्याला वर्दळ नव्हती. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडून, पानं गाळून नुसत्या शेंगांवर उभं होतं. ऑक्टोबरचं ऊन. त्यात धुळीचा, वाळल्या पाल्याचा वास. कुठं कुठं टोळ्या वाकून कापत होत्या, आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येऊन विरत होता. हवेत चतुर स्थिर टांगल्यासारखे. कानावरून वारा जात होता आणि मला त्यात मशीनचाच आवाज ऐकू येत होता. मधेच मला खरोखर असं वाटलं की ठिणगी ही एक लाजाळू गोष्ट आहे, परक्या गावात दिसते आणि स्वतःच्या घरी लपून बसते. डिप्लोमा झालेल्या माणसानं असला विचार करू नये. पण रस्ता लांब होता आणि असला विचार करायला कोणी हटकत नव्हतं.

घर सापडायला त्रास झाला नाही. ओसरीवर माधवराव बसले होते. उजवा हात उपरण्याखाली. आत त्यांची आई, सोजरबाई, चुलीपाशी. सत्तरीच्या, बारीक, डोळे मात्र सगळीकडं. मला बघून त्या आतूनच सुनेला म्हणाल्या, "आधी मशीन नीट करून आण गं, मग सायबापुढं ठिव." ताई मशीन ज्या खोलीत होतं तिथं गेल्या. थोड्या वेळानं मशीन घेऊन बाहेर आल्या.

मी दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू.

ओसरीवर माधवराव हसले. अगदी थोडं. ताईंनी वळून त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला कळलं, हे हसणं या घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं असावं.

"पावण्याला भ्यायलं ते," माधवराव म्हणाले.

"रानात जाऊ," मी म्हणालो. "जिथं बंद पडतं तिथंच बघतो."

रान घरापासून लांब नव्हतं. मी पुढं निघालो. मागून ताई आणि सोजरबाई मशीन घेऊन येत होत्या. माधवराव आले नाहीत. बांधावर बोरीच्या सावलीत मी बसलो. समोर पिवळं रान सरळ पसरलेलं. वारा आला की शेंगा आतून खुळखुळत होत्या. कान देऊन ऐकलं तर मधेमधे एखादी टचकन फुटत होती. तो आवाज गोड होता, हे मला कबूल करायला पाहिजे. आणि प्रत्येक आवाजाला या घराचे दाणे मातीत जात होते.

"बगा सायेब," ताईंची हाक आली. "बगा तुमीच."

त्या दोरी ओढत होत्या. एकदा, दोनदा, परत परत. इंजिन नुसतं खोकत होतं. मी उठून गेलो. प्लग काढला, ताईंच्या पदराखाली धरला, दोरी ओढली. खरंच काळं कुट्ट.

तेव्हा मला ते दिसलं. इंजिनाखाली, मानेपाशी, लिंबू होतं. त्याच्या खाली हिरव्या मिरच्या. मध्ये काळा बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दाराला, गाडीच्या बंपरला बांधतात ते. घरी मी मशीन चालू केलं तेव्हा हे तिथं नव्हतं.

"हे कधी बांधलं?"

"आत्ताच. बांधावर आल्यावर," ताई जरा संकोचून म्हणाल्या. "आत्याबाई बांधत्यात. रानात न्यायच्या आधी."

"आणि नांदेडला आणताना?"

"काढून ठिवते की. बांधलेलं परक्याच्या हाताला लागलं की त्याचा गुण जातो म्हनत्यात." मग हळूच, सासूला ऐकू जाणार नाही असं, "आन् तुमी लोक हसचाल, म्हनूनबी."

मी खाली वाकून बघितलं. लिंबू, मिरच्या आणि बिब्बा लोखंडी तारेत ओवले होते. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात त्या बारीक तारेत. तार मानेभोवती घट्ट पिळलेली, पकडीनं. आणि नेमक्या तिच्याखालून, इंजिनातून हातात धरायच्या दांड्याकडं जाणारी एक बारीक काळी वायर गेलेली. इंजिनाच्या थरथरीनं तारेनं वायरीवरचं प्लास्टिक खाल्लं होतं. आतलं तांबं डोळ्यांना दिसत होतं. नांदेडला त्यावर हळद होती, आणि मी ती न बघताच पुसली होती.

ही काळी वायर काय करते ते सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. दांड्यावर एक लाल बटण असतं. ते दाबलं की मशीन बंद होतं. लोकांना वाटतं, ते बटण वीज तोडतं. तसं नाही. ते बटण कॉइलमधल्या विजेला इंजिनाच्या लोखंडी अंगाशी जोडून देतं. विजेला ती वाट सोपी वाटते, ती तिकडं जाते, प्लगकडं येतच नाही. ठिणगी मरते. काळी वायर म्हणजे ती वाट. आणि सोजरबाईंची तार एका अंगानं त्या वायरीतल्या तांब्याला, दुसऱ्या अंगानं इंजिनाला टेकली होती. म्हणजे मशीनचं बंद करायचं बटण कोणीतरी कायमचं दाबून धरल्यासारखं होतं.

"पहिल्यापासून तारच होती का?" मी विचारलं.

सोजरबाई बांधावरून पुढं आल्या. "न्हाई. आधी काळा दोरा व्हता. मशीन लई थरथरतंय, दोरा तुटायचा. म्हनून तार लावली. पकडीनं आवळली." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, "कामून, काय झालं?"

मी त्यांना करूनच दाखवलं. ताईंना प्लग पदराखाली इंजिनाला टेकवून धरायला लावला आणि सोजरबाईंना आत डोकावायला सांगितलं. तार टेकलेली असताना दोरी ओढली. काही नाही. मग तार स्क्रू-ड्रायव्हरनं थोडी उचलून धरली आणि पुन्हा ओढली. पदराच्या अंधारात निळं टिपूस चमकलं. सोजरबाईंनी डोकं मागं घेतलं. मग परत आत घातलं. "आनखी एकदा," म्हणाल्या. मी तार टेकवली, उचलली, टेकवली, उचलली. त्या बघत राहिल्या. मी त्यांना घाई केली नाही.

मग त्या बांधावर जाऊन खाली बसल्या.

"म्हंजे माझ्यामुळंच बंद पडत व्हतं."

ताई म्हणाल्या, "आत्याबाई, तुमाला काय म्हाईत."

"म्हाईत न्हवतं," सोजरबाई म्हणाल्या. "पण ते बंद पडलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू. रोज वाटायचं, चला, आजबी हिचे हात घरी आले." बोलताना त्या कोणाकडं बघत नव्हत्या. "माधवचा हात त्या मशीनीत गेला तवा मी रासंवरच व्हते, सायेब. चार हातांवर. वरडले. कुनाला ऐकू आलं न्हाई, त्या आवाजात. कुनाला बंदबी करता येईना."

माझ्या कामात लोक मशीन चालत नाही म्हणून रडतात. चालेल म्हणून भिणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि त्या माणसाचं म्हणणं मला पूर्ण पटत होतं. दुपार होत आली होती. चुलत भाऊ कधीही येणार होते. ताई मशीनशेजारी उभ्या होत्या. तार सोडायला त्यांनी हात पुढं केला नाही. सासूनं बांधलेलं सासूनंच सोडायचं, हे मलाही कळत होतं.

थोड्या वेळानं सोजरबाईंनी विचारलं, "ह्या पात्यानं हात जातो का?"

अशा वेळी दुकानदार जे उत्तर देतो ते मला पाठ आहे. ते मी दिलं नाही.

"पातं हातापासून लांब आहे, मावशी. मध्ये ही अख्खी नळी आहे. पुढं गार्ड आहे. पट्टा खांद्याला असला की मशीन निसटत नाही. हात तिथवर पोचतच नाही. पण पायाला जपावं लागतं, आणि जवळ दुसरं कोणी उभं राहू नये. मशीन आहे ते. काहीच होणार नाही असं मी सांगणार नाही."

"आन् काय झालंच, तर?"

"हे लाल बटण." मी दांडा त्यांच्यासमोर धरला. "अंगठ्याखालीच आहे. दाबलं की ठिणगी मेली."

त्या बटणाकडं बघत बसल्या. मग काळ्या वायरीवरून त्यांचं बोट सावकाश दांड्याकडं गेलं, बटणापाशी थांबलं.

"म्हंजे माझी तार जे करत व्हती तेच हे बटन करतंय?"

"तेच. फक्त पाहिजे तेव्हा."

त्या उठल्या. पकड मागितली. स्वतःच्या हातानं तार उलगडली. मी काळ्या वायरीवर टेप गुंडाळली, दोन-तीन वेढे जास्तच. "आता दोऱ्यानं पुढं गार्डपाशी बांधा की," मी म्हणालो, "तिथं काही अडचण नाही."

"मशीनला कशाला?" सोजरबाई म्हणाल्या. त्यांनी लिंबू आणि मिरच्या बांधापलीकडं टाकल्या. बिब्बा तारेतून सोडवला, लुगड्याच्या काठाची एक दशी ओढून त्यात बांधला, आणि सुनेचा दंड पुढं ओढून त्यावर गाठ मारली, ब्लाउजच्या बाहीवर. ताई लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या.

"लई घट्ट झालं, आत्याबाई."

"ऱ्हाऊ दे."

मग मशीन सुरू झालं. पण कापायला लगेच सुरुवात नाही. सोजरबाईंनी हात वर केला. ताईंनी बटण दाबलं. बंद. पुन्हा चालू करायला लावलं. हात वर. बंद. मग म्हणाल्या, "आता मी." ताईंच्या शेजारी उभं राहून, तोंड एका बाजूला वळवून, त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं बटण दाबलं. इंजिन गप्प झालं. आजूबाजूला एकदम रान ऐकू यायला लागलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, अंगठा बटणावर ठेवून. मग बाजूला होऊन लांब बांधावर गेल्या. "काप," म्हणाल्या.

ताई डावी-उजवीकडं झुलत पुढं निघाल्या. सोयाबीन एका अंगाला ओळीनं आडवं पडत गेलं. मी बोरीखाली परत जाऊन बसलो. उन्हात धूळ सोनेरी होऊन हवेत राहिली होती, ताई तिच्यातून जात होत्या, परत येत होत्या. आवाज लांब गेला की लहान व्हायचा, जवळ आला की मोठा. मला वाटतं मी त्या दुपारी थोडा वेळ खरोखरच झोपलो. जागा झालो तेव्हा बांधावर सोजरबाईंशेजारी माधवराव उभे होते. आवाज ऐकून आले होते. सोबत चुलत भाऊही होते. ते रानाकडं बघत होते. माधवराव खाली उतरले, डाव्या हातानं कापलेल्या सोयाबीनचा एक पुंजका उचलला, काखेत धरला आणि ढिगावर नेऊन टाकला. मग दुसरा. चुलत भाऊ थोडा वेळ थांबले. "मग मी येतो," म्हणाले, आणि गेले.

गाडीला किक मारायच्या आधी मी अन्वरशेठांना फोन केला.

"काय निघालं?"

"मशीनमध्ये काही नव्हतं, शेठ. बाहेरून तार लागली होती. लिंबू-मिरचीची."

ते म्हणाले, "आपल्या टेम्पोलापण ड्रायव्हर बांधतो रे. दोऱ्यात बांधतो का तारेत?"

"बघा जाऊन."

"बघतो," ते म्हणाले. आणि लगेच फोन ठेवला, म्हणजे खरंच बघायला गेले असणार.

तेव्हापासून कोणी म्हणालं की इथं चालतंय, तिकडं चालत नाही, तर मी मशीन उघडत नाही. आधी विचारतो, दुकानात आणायच्या आधी याच्यावरून काय काढून ठेवलं? माणसं ओशाळतात, इकडंतिकडं बघतात, मग सांगतात. निम्मी मशीन अशीच दुरुस्त होतात. हा माझ्या कामाचा धडा.

सुनंदाताईंचं रान बटईनं गेलं नाही. पेरणीही त्यांनी स्वतःच केली. दर हंगामाच्या तोंडाला त्या घरून फोन येतो, पण ताईंचा नाही, सोजरबाईंचा. मशीन सुरू होतं का, दोरी जड लागते का, याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. नुसतं विचारतात, "सायेब, ते लाल बटन जरा ढिलं लागायलंय. नवं हाय का तुमच्याकडं?"

बटण ढिलं नसतं. मी नवं पाठवतो.